आक्रमणफळीचा बचाव

वेंडेल वोंड्राचं सगळं आयुष्य गारपिटीच्या विम्यात गेलं. उन्हाळ्यात गारा पडल्या की कंपनी त्याला पाठवायची. मक्याचं उभं शेत आडवं झालेलं असायचं, मालक पिकअपला टेकून आभाळाला शिव्या देत असायचा, आणि वेंडेल चिखलात उतरून एकेक ताट बोटांनी चाचपत शांतपणे म्हणायचा, "तीस टक्के."

"अरे, काही उरलंय का बघ तरी!" मालक ओरडायचा.

"मुळं चांगली आहेत," वेंडेल म्हणायचा आणि गाडीत बसायचा.

असा माणूस निवृत्त झाल्यावर ऑटर क्रीक कॉलेजच्या फुटबॉल संघाचा कैवारी झाला, यात नवल काहीच नव्हतं. नुकसान बघून न घाबरण्याची सवय असलेलं गावात दुसरं कुणी नव्हतंच.

संघाचं नाव प्लाउमेन, म्हणजे नांगरे. हेल्मेटवर पिवळा नांगर. त्या वर्षी नांगऱ्यांची बचावफळी फार चांगली होती आणि तिला सरावही भरपूर मिळत होता, कारण आक्रमणफळी बॉल आपल्याकडे जास्त वेळ ठेवायचीच नाही. या खेळाचा कायदा साधा आहे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं; असं करत बॉल मैदानाच्या टोकापलीकडे नेला की टचडाउन, म्हणजे गुण. जमणार नाही असं दिसलं तर चौथ्या वेळी लांब लाथ मारून बॉल समोरच्यांच्या हवाली करायचा. नांगऱ्यांना जमणार नाही असं बहुधा पहिल्याच प्रयत्नात दिसायचं, पण रीत म्हणून ते तिसऱ्यापर्यंत थांबायचे.

गावाचा सगळा राग जार्विस टॉलिव्हरवर होता. जार्विस संघाचा रनिंग बॅक. बॉल पोटाशी धरून समोरच्या गर्दीत घुसायचं, हे त्याचं काम. पहिली तीन वर्षं तो गर्दीत एका बाजूने घुसून दुसऱ्या बाजूने निघायचा. त्याच्या नावाचं सँडविच गावातल्या कॅफेत मिळायचं. या वर्षी तो घुसायचा, पण निघायचा नाही. सँडविचचं नाव बदलून पुन्हा साधं डुकराचं सँडविच झालं होतं.

सोमवारी सकाळी ऑटर क्रीकच्या रेडिओवर गॉर्डी प्लम नावाचा गृहस्थ शनिवारच्या सामन्याचं शवविच्छेदन करायचा. लोक फोन करायचे. पहिला फोन ठरलेला असायचा लायल टीमनचा. लायल दातांचा डॉक्टर होता. निवृत्त झाल्यापासून लोकांना दुखावायला त्याच्याकडे रेडिओ एवढं एकच साधन उरलं होतं. शिवाय तो वेंडेलचा मेहुणा, लोरेटाचा थोरला भाऊ, आणि राहायला दोन घरं सोडून.

"गॉर्डी, त्या टॉलिव्हरला बाकावर बसवा," लायल त्या सोमवारी म्हणाला. "पोरगं झोपेत पळतंय. निष्काळजी आहे. तो नवा ब्रॉक हेन्के आहे ना, त्याला उतरवा."

दुसरा फोन वेंडेलचा.

"गॉर्डी, वेंडेल बोलतोय."

"ते गावाला कळलंय, वेंडेल. दुसरं कोण असणार?"

"आपल्याकडे देशातला सगळ्यात लांब लाथ मारणारा किकर आहे, हे तर लायलला मान्य आहे ना? मग त्याला एवढा तयार कुणी केला? आक्रमणफळीने. तिने टचडाउन करत बसायचं ठरवलं असतं तर त्या बिचाऱ्याला संधी मिळाली असती का?"

"हा मुद्दा कुणी मांडला नव्हता," गॉर्डी म्हणाला.

"आणि जार्विस निष्काळजी? मी सहाव्या रांगेत बसतो, हातात दुर्बीण असते. बॉल आपल्याकडे येणार असला की हा पोरगा कमरेच्या टॉवेलला हात पुसतो. दर वेळी! येणार नसला तर पुसत नाही. कशाला उगाच टॉवेल मळवा? एवढी टापटीप तुझ्या दवाखान्यात होती का रे, लायल?"

"हात पुसल्याचे गुण मिळायला लागले की कळवतो," गॉर्डी म्हणाला. "पुढचा फोन."

वेंडेलने समाधानाने फोन ठेवला. लोरेटा स्वयंपाकघरात रेडिओ ऐकत होती. "अंडी गार झाली," एवढंच ती म्हणाली.

शनिवारी हार्करशी सामना होता. सकाळपासून स्टेडियममागच्या खडीच्या मैदानात पिकअप उभ्या राहिल्या, मागची फळकुटं खाली पडली, शेगड्या पेटल्या. लोरेटाने मोठ्या पातेल्यात चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणली होती आणि तिच्याबरोबर खायचे दालचिनीचे गोड रोल. लायल वेंडेलच्या शेगडीवरचे सॉसेज खात वेंडेलच्या संघाला नावं ठेवत होता. सगळं नेहमीसारखं चाललं होतं.

सामना सुरू झाला. जार्विसने टॉवेलला हात पुसले. त्याबरोबर हार्करचा बावन्न नंबरचा खेळाडू, ज्याला मान नावाचा अवयवच नव्हता, मोठ्याने ओरडला, "टॉवेल!"

वेंडेलला वाटलं, त्याला घाम आला असेल.

बॉल जार्विसच्या हातात पडायच्या आत हार्करचे सात-आठ जण त्याच्यावर पडले. पुढच्या वेळी जार्विसने हात पुसले नाहीत. बावन्न नंबर ओरडला, "नाही! नाही!" आणि सगळेच्या सगळे जार्विसला सोडून बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या मागे धावले. तिसऱ्या वेळी पुन्हा हात टॉवेलकडे गेला, पुन्हा "टॉवेल!", पुन्हा ढीग.

वेंडेलने दुर्बीण खाली ठेवली.

"काय झालं?" लोरेटाने विचारलं. "किती नुकसान?"

"शंभर टक्के," वेंडेल म्हणाला.

इतक्या वर्षांच्या संसारात हा आकडा तिने त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. तिने मैदानाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं. वेंडेल सोमवारी रेडिओवर काय बोलतो, हे गावात फक्त तीच नीट ऐकायची. गावात म्हणजे फक्त ऑटर क्रीकमध्ये. गॉर्डीचा कार्यक्रम आता मोबाइलवर आजूबाजूच्या चार राज्यांत ऐकू जातो, हे गॉर्डी दर सोमवारी अभिमानाने सांगायचा.

"टॉवेल," लोरेटा म्हणाली.

"हळू बोल," वेंडेल म्हणाला.

नांगरे सणकून हरले. रविवारी कोच बिडलने जाहीर केलं की पुढच्या शनिवारी, बेलफोर्डविरुद्ध, जार्विसच्या जागी ब्रॉक हेन्के खेळेल.

बेलफोर्डचा सामना म्हणजे वर्षातला शेवटचा घरचा सामना. त्या दिवशी शेवटच्या वर्षाची पोरं आईचा हात धरून मैदानात येतात, आईला फुलं देतात, लोक टाळ्या वाजवतात. जार्विसची आई आणि दोन मावश्या कॅन्सस सिटीहून येणार होत्या. वेंडेल त्यांना ओळखत होता. गेल्या वर्षी त्या तिघींनी त्याच्याच पिकअपशी उभ्या राहून चिली खाल्ली होती, अंगात जार्विसच्या नंबराचे स्वेटर घालून. आता ते पोरगं आईला हाताला धरून मैदानात आणणार, फुलं देणार आणि तिच्या डोळ्यांसमोर बाकावर जाऊन बसणार. तेही वेंडेल वोंड्राने त्याचं कौतुक केलं म्हणून.

सोमवारी वेंडेलने फोन उचलला. लोरेटाने तो त्याच्या हातातून काढून घेतला. "फोनवर नको," ती म्हणाली. "तिथे लोक ऐकतात." मग गॉर्डीला घसा बसल्याचं कळवण्यात आलं. दुपारपर्यंत शेजारच्या तीन घरांतून सूप आलं.

उरली गुरुवारची पंगत. दर गुरुवारी दुपारी माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये संघाचे जुने चाहते जमायचे. तळलेलं चिकन, बटाट्याचा लगदा, आणि त्यानंतर कोच बिडल उभा राहून शनिवारी काय झालं ते सांगायचा. बाहेरचं कुणी नसायचं, आणि इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही असा पक्का दंडक होता. लोरेटाने ओव्हनमध्ये भाजलेलं बीन्सचं कॅसरोल दिलं होतं. डबा घेऊन वेंडेल आत शिरला तर समोरच कोचच्या शेजारी जार्विस बसलेला. शेवटच्या वर्षाच्या एका पोराला जेवायला आणायचं अशी पद्धत होती आणि या गुरुवारी त्याची पाळी होती.

"काही प्रश्न?" सांगून झाल्यावर कोचने विचारलं.

लायल उठला. "टॉलिव्हर शनिवारी नक्की खेळणार नाही ना?"

"डॉक्टर, तो समोर बसलाय."

"म्हणूनच आत्ता विचारतोय. पाठीमागे बोलायला मला आवडत नाही."

जार्विसने बटाट्यात काटा फिरवला. वेंडेल उभा राहिला.

"कोच, शनिवारी जे झालं ती माझी चूक आहे," तो म्हणाला. "बॉल येणार असला की जार्विस टॉवेलला हात पुसतो. त्याला स्वतःलाही ते माहीत नसेल. मी रेडिओवर सांगितलं, हार्करच्या लोकांनी ऐकलं. त्यांचा बावन्न नंबर टॉवेल-टॉवेल ओरडत होता. पोराची काही चूक नाही. त्याला बसवू नका."

लायल हळूच म्हणाला, "आधी म्हणे वारा होता."

कुणीतरी फिसकन हसलं.

"मग गवत ओलं होतं," लायल पुढे म्हणाला. "मग पंचाचे डोळे. मग हेल्मेटचा रंग. आता गावात दोष द्यायला कुणी शिल्लक राहिलं नाही म्हणून हा स्वतःच उभा राहिलाय! वेंडेल, बाबा, धन्य आहे तुझी!"

सगळा हॉल हसला. कोच बिडल हसला नाही. त्याचे डोळे भरून आले होते. "मी आठ कॉलेजांत नोकऱ्या केल्या," तो म्हणाला, "पण खेळाडूसाठी असं बालंट स्वतःवर घेणारा चाहता बघितला नाही. मित्रहो, या माणसासाठी उभे राहा."

सगळे उभे राहिले. टाळ्या थांबेनात. लायलने तर शिट्टी वाजवली. एवढा मान वेंडेलला जन्मात कुणी दिला नव्हता, आणि त्या वेळी त्याला हवं होतं फक्त एवढंच, की एखाद्याने त्याच्यावर चिडावं.

बाहेर पिकअपजवळ जार्विसने त्याला गाठलं.

"मिस्टर वोंड्रा, मी खरंच हात पुसतो?"

"दर वेळी."

"शक्यच नाही."

वेंडेलने हातातला कॅसरोलचा रिकामा डबा वर धरला. "हा तुझ्याकडे देतोय हं."

जार्विसचे दोन्ही हात जीन्सकडे गेले आणि मांडीवर पुसले गेले. दोघांनी त्या हातांकडे बघितलं.

"आता देत नाहीये," वेंडेल म्हणाला.

हात जागच्या जागी लोंबत राहिले.

"अरे देवा," जार्विस म्हणाला. "चार वर्षांत कुणी बोललं नाही मला!"

"मी रेडिओवर बोललो होतो."

"मी नाही ऐकत. आईने शपथ घातलीये."

"शहाणी बाई आहे."

जार्विसने आपले हात उलटेपालटे करून बघितले. "मिस्टर वोंड्रा, बेलफोर्डवालेही शनिवारी टॉवेलकडेच बघणार?"

"हार्करचा सामना त्यांनी बघितला असेल तर बघणारच."

"मग बॉल येणार नसताना मी हात पुसले तर?"

"तर अख्खं बेलफोर्ड तुझ्या अंगावर पडेल."

"अख्खं?"

"आणि बॉल दुसऱ्याकडे असेल. टचडाउन दुसऱ्याचं. तुझ्या नावावर एक यार्डही नाही. तुझी आई काय बघायला येणार, तर पोरगा मार कसा खातो ते."

जार्विसने विचार केला. "बाकावर बसलेलं बघण्यापेक्षा ते बरं," तो म्हणाला. मग थोडं अवघडून म्हणाला, "फक्त हे तुम्ही रेडिओवर..."

"माझा घसा बसलाय," वेंडेल म्हणाला.

संध्याकाळी जार्विस कोचकडे गेला आणि म्हणाला की मला खेळवा, पण बॉल देऊ नका. कोचला टॉवेलचं काही पटलेलं नव्हतं. पण त्या मोसमात एखाद्या खेळाडूने त्याच्याकडे केलेली ही पहिलीच रास्त मागणी होती. तसंही पहिला डाव शेवटच्या वर्षाच्या पोरांना द्यायची रीत होतीच. तो बरं म्हणाला.

शनिवारी जार्विस आईचा हात धरून मैदानात आला. आई उंचीने त्याच्या कोपराएवढी, पण बघणाऱ्याला वाटावं की तीच त्याला घेऊन आलीये. फुलं दिली गेली. आई आणि मावश्या वेंडेलच्या पुढच्या रांगेत येऊन बसल्या.

पहिला डाव. जार्विसने टॉवेल उचलला. आधी तळवे पुसले, मग एकेक बोट, मग बोटांमधल्या फटी. ऑपरेशनला निघालेला सर्जनसुद्धा एवढा वेळ लावत नाही. बेलफोर्डवाल्यांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या.

बॉल सुटला आणि बेलफोर्ड जार्विसवर कोसळलं. ढिगाच्या पलीकडून नांगऱ्यांचा क्वार्टरबॅक बॉल घेऊन चालत निघाला. अर्ध्या वाटेत त्याने मागे वळून बघितलं. कुणीच येत नव्हतं. बरं दिसावं म्हणून तो थोडा पळाला. टचडाउन झालं. स्टेडियममध्ये क्षणभर कुणीच ओरडलं नाही. अशा वेळी काय करायचं ते लोकांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"उठा त्याच्या अंगावरून!" जार्विसची आई तेवढी ओरडत होती. "आंधळ्यांनो! माझ्या पोराकडे बॉल नाहीये!"

"बाई, त्यांना सांगू नका," वेंडेल पुढे वाकून म्हणाला.

"तुम्ही कोण?"

"चिलीवाला. गेल्या वर्षीचा."

"मग चिलीचं बघा!" ती म्हणाली आणि पुन्हा ओरडायला लागली.

कोच बिडल हातचं यश सोडणारा नव्हता; त्याने जार्विसला दिवसभर मैदानात ठेवलं. तो हात पुसत राहिला, बेलफोर्ड कोसळत राहिलं, आणि बॉल भलत्याच कुणाच्या तरी हातून पलीकडे पोचत राहिला. बेलफोर्डच्या कोचने शेवटपर्यंत धीर सोडला नाही. टॉवेलवर त्याची श्रद्धा होती. नांगरे जिंकले. एवढे गुण त्यांनी आधीच्या पाच सामन्यांत मिळून केले नव्हते. जार्विसच्या नावावर भोपळा. सामना संपल्यावर त्याला चालवतच बाहेर न्यावं लागलं, आई एका बाजूला, दोन्ही मावश्या दुसऱ्या बाजूला. सहाव्या रांगेसमोरून जाताना त्याने सुजलेल्या डोळ्याने वर बघितलं. वेंडेलने दुर्बीण डोळ्यांना लावली, म्हणजे आपल्या डोळ्यांकडे कुणी बघू नये.

या विजयाने एक पंचाईत झाली. नांगऱ्यांना आणखी एक सामना मिळाला, पुढच्या शनिवारी, परगावी.

सोमवारी लायलचा पहिला फोन. "गॉर्डी, मी काय सांगत होतो? टॉलिव्हरला एकदाही बॉल दिला नाही आणि जिंकलो! आता कुणी म्हणू दे."

दुसरा फोन आला नाही. गॉर्डी वाट बघून थकला आणि त्याने स्वतःच कार्यक्रमातून वेंडेलला फोन लावला.

"वेंडेल, घसा कसाय?"

"बराय."

"मग टॉलिव्हरबद्दल काय म्हणणं आहे?"

वेंडेलने तोंड उघडलं. वर्षभर त्याने वारा, गवत, पंच आणि रंग यांवर भागवलं होतं. आज पहिल्यांदाच त्याच्याकडे पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत खरा असा बचाव होता. समोर लोरेटा उलथनं हातात घेऊन उभी होती. तिने नुसती नकारार्थी मान हलवली.

"काही म्हणायचं नाही," वेंडेल म्हणाला.

चार राज्यांत शांतता पसरली. "काहीच नाही?" गॉर्डीने घाबरून विचारलं आणि जाहिराती लावल्या.

पाच मिनिटांत लायल मागच्या दाराने आत आला. हातात मनुका आणि आंबट साय भरून भाजलेला, पाय नावाचा गोड पदार्थ होता. हा पाय तो लोकांच्या घरी फक्त मयताला न्यायचा.

"ये," तो वेंडेलला त्याच्याच स्वयंपाकघरात म्हणाला. "माणसात आलास. मला माहीत आहे किती जड गेलं असेल." त्याने स्वतः तुकडा कापून वेंडेलपुढे ठेवला. "आता एकदा तोंडाने म्हण. मन मोकळं होईल. पोरगं कामाचं नाही."

वेंडेलने काटा हातात घेतला. रेडिओवर जाहिराती संपून गॉर्डी परत आला होता. कार्यक्रम संपायला अजून वेळ होता. शनिवारचा संघ, ज्याच्या गावाचं नावसुद्धा वेंडेलला नीट माहीत नव्हतं, तोही ऐकतच असणार. त्यांच्याकडे दोन सामन्यांची चित्रफीत असणार आणि टॉवेलचा अर्थ काय लावायचा यावर भांडण लागलेलं असणार.

"कामाचं नाही," वेंडेल म्हणाला.

लोरेटाच्या हातातलं उलथनं तव्यावर आपटलं.

"पुन्हा म्हण," लायल म्हणाला.

"जार्विस टॉलिव्हर संपला. त्याने हात पुसले काय, नाही पुसले काय, त्याच्याकडे लक्ष देण्यात अर्थ नाही. त्याच्यामागे एकही माणूस ठेवायची गरज नाही."

लायलने बायकोचं मरण बघितलं होतं, स्वतःचं बायपास बघितलं होतं. पण असा भारावलेला तो कधी दिसला नव्हता. "हे मी गॉर्डीला सांगू?" त्याने विचारलं. "तुझ्या नावानिशी?"

"माझ्या नावानिशी सांग."

"तुला राग नाही ना येणार?"

"लाव फोन."

लायलने लगबगीने फोन काढला. गॉर्डीने तिकडे उचलला तसा रेडिओवर त्याचा आवाज घुमला. वेंडेलने पायचा घास तोंडात घातला, डोळे मिटून गिळला आणि मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सावकाश बोल," तो म्हणाला, "आणि जरा मोठ्याने. लांबच्यांना नीट ऐकू गेलं पाहिजे."